क्लॅन्डेस्टिन म्हणजे चोरून की गुपचूप? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात टिळकवाडीला मी इंग्रजीची शिकवणी घेते. मुलं येळ्ळूर, उचगाव, कडोली, खानापूरकडून येतात. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, मोबाइलवर हिंदी आणि पेपरात इंग्रजी, असा त्यांचा दिवस जातो. मागे पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) एका मुलीनं ‘माझी आज्जी’ या निबंधात लिहिलं होतं, ‘माय ग्रँडमदर इज व्हेरी क्लॅन्डेस्टिन.’ मी पोट धरून हसले. ती मात्र गोंधळली, कारण मोबाइलवरच्या शब्दकोशात तिला ‘गुप्त, छुपा’ असाच अर्थ दिसला होता. तिला समजावता समजावता तास संपला, आणि दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग याच शब्दावर प्रश्न घेऊन आला. पुढं पालकांचे आले, एका कारखानदाराचाही आला. पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

क्लॅन्डेस्टिन म्हणजे नेमकं काय?

जी गोष्ट कुणाला तरी चालणार नाही, ती आधी बेत आखून, कुणाला पत्ता लागू न देता करणं. हे विशेषण आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: लपवणं, ठरवून करणं, आणि समोर कुणीतरी अडवणारा असणं. तो सरकार असेल, सासरा असेल किंवा कर खात्याचा साहेब असेल. या तीन गोष्टींपैकी एक काढून घेतली की शब्द लंगडा होतो. वाढदिवसाचा केक लपवून आणला तर लपवणं आहे, बेतही आहे, पण अडवणारा कुणी नाही. त्याला सीक्रेट म्हणा, सरप्राइज म्हणा. क्लॅन्डेस्टिन म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, केकमध्ये काहीतरी दडवलंय.

उच्चार कसा करायचा?

क्लॅन-डेस-टिन. जोर मधल्या ‘डेस’वर. शेवट ‘टाइन’ करून ‘क्लॅन्डेस्टाइन’ म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि शब्दकोश तोही उच्चार देतात, तेव्हा त्यावरून कुणाशी वाद घालू नका. आपल्याकडची चूक वेगळीच असते. आपण सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो, मराठीत तसंच बोलतो म्हणून. मग इंग्रज माणसाला शब्द ओळखू येत नाही.

स्पेलिंग लक्षात राहत नाही. काही युक्ती?

सी-एल-ए-एन, डी-ई-एस-टी-आय-एन-ई. पहिले चार म्हणजे ‘क्लॅन’, अर्थात कुळ, आपल्या भाषेत भावकी. उरलेलं ‘डेस्टिन’, म्हणजे नशिबात लिहिलेलं असणं. ‘भावकीच्या नशिबात चोरून बैठका’ एवढं पाठ करा. ज्यांच्या घरी जमिनीची वाटणी झाली आहे त्यांना ते एकदाच सांगावं लागतं. मात्र ही फक्त युक्ती आहे. शब्दाचा भावकीशी काडीचा संबंध नाही. खरं मूळ पुढं सांगते.

मग आज्जीचं वाक्य का चुकलं?

कारण क्लॅन्डेस्टिन हे कामाला, बैठकीला, व्यवहाराला, नात्याला लागतं. माणसाच्या स्वभावाला लागत नाही. क्लॅन्डेस्टिन मीटिंग, क्लॅन्डेस्टिन डील, क्लॅन्डेस्टिन अफेअर असं चालतं. ‘शी इज क्लॅन्डेस्टिन’ चालत नाही.

स्वभावासाठी शब्द आहे सीक्रेटिव्ह. सी-क्रि-टिव्ह, जोर ‘सी’वर. ताकास तूर लागू न देणारा, मनातलं पोटात आणि पोटातलं पोटातच ठेवणारा माणूस. मराठीत त्याला ‘आतल्या गाठीचा’ म्हणतात, आणि माझ्या मते सीक्रेटिव्हला यापेक्षा चांगला मराठी शब्द नाही. दोन्ही भाषांत त्या शब्दाला थोडा खट्टा वास आहे. कुणाची तारीफ करताना आपण ‘फार आतल्या गाठीचा हो’ असं म्हणत नाही. तारीफच करायची तर रेटिसंट वापरा. मितभाषी, फारसं न बोलणारा. त्यात लपवाछपवीचा आरोप नसतो.

त्या मुलीची आज्जी दोन्हीपैकी कुठलीच नव्हती, हे नंतर कळलं. पोलक्याला आतून शिवलेल्या खिशात पैसे ठेवायची आणि नातवंडांना सुनेच्या नकळत द्यायची, इतकंच. मग ‘शी गिव्हज अस मनी ऑन द स्लाय’ असं सुधारून दिलं. ‘ऑन द स्लाय’ म्हणजे हळूच, डोळा चुकवून.

सीक्रेट आणि सीक्रेटिव्ह यांत फरक काय?

सीक्रेट म्हणजे जी गोष्ट लपलेली आहे ती. सीक्रेटिव्ह म्हणजे लपवणारा. ‘सीक्रेटिव्ह रूम’ असं लिहू नका. खोलीला स्वभाव नसतो.

जाता जाता: सेक्रेटरी हा शब्दही याच घरातला. मुळात ज्याच्यावर गुपितं सोपवायची तो माणूस. गणपती मंडळाच्या सेक्रेटरींना हे एकदा सांगायला हवं. त्यांच्याकडून गुपित बाहेर पडायला चहासुद्धा लागत नाही.

क्लॅन्डेस्टिन हा शब्द आला कुठून?

इथं थोडं थांबते, कारण मला या शब्दात रस वाटू लागला तो इथूनच.

इंग्रजीत गुप्तपणाचे जे शब्द आहेत त्यांतले बरेच चोराच्या घरातून आले आहेत. फर्टिव्ह घ्या. लॅटिनमध्ये ‘फूर’ म्हणजे चोर, त्यापासून फर्टिव्ह, म्हणजे चोरटा. स्टेल्थ आणि स्टेल्दी हे ‘स्टील’पासून, म्हणजे चोरणं. सरप्टिशस हा जरा लांबलचक शब्द. त्याच्या मुळाशी ‘खालून, नकळत हिसकावून घेणं’ असा अर्थ आहे.

आता आपल्याकडे बघा. ‘चोरून बघितलं’, ‘चोरटी नजर’, ‘चोरपावलांनी आला’. काही चोरलेलं नसतं, तरी शब्द चोराचाच. आणि शेजारच्या कन्नडात? ‘कद्दु मुच्चि’. आमच्याकडे मराठी घरांतही हा शब्द कानावर पडतो. ‘कद्दु’ म्हणजे चोरून, ‘कदि’ म्हणजे चोरणं या धातूपासून. ‘मुच्चि’ म्हणजे झाकून. लॅटिन, इंग्रजी, मराठी या लांबच्या का होईना एकाच कुळातल्या, कन्नड मात्र वेगळ्याच कुळातली. तरीही लपवण्याचा विचार आला की सगळ्यांना आधी चोरच आठवला.

क्लॅन्डेस्टिन मात्र चोराच्या घरचा नाही. लॅटिनमध्ये ‘क्लाम’ म्हणजे लपून, न कळत. त्याचं नातं ‘लपवणं’ या अर्थाच्या धातूशी आहे, त्याच धातूतून इंग्रजी ‘कन्सील’ आला. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. म्हणून या शब्दाच्या पोटात चोरीचा आरोप नाही, फक्त लपणं आहे. कोण लपतोय आणि कुणापासून, ते वाक्य ठरवतं. लपणारा बदमाश असू शकतो आणि देशभक्तही. मराठी भाषांतर करताना बहुतेक जण ‘चोरून’ लिहून मोकळे होतात आणि नेमकं हेच हरवतं.

पण ‘चोरून’ लिहिलं तर चूक काय? आम्ही तसंच बोलतो.

बोलताना काही चूक नाही. ‘काय चोरून चोरून बोलायलाय दोघं?’ हे माझ्या घरी रोज चालतं. शिवाय मराठीत ‘चोर’ नेहमीच बदनाम नसतो, हेही खरं. किल्ल्याचा चोरदरवाजा किल्लेदारानंच बांधलेला असतो. चोरखिसा आज्जीनं स्वतःच्याच पैशासाठी शिवलेला असतो. चोरकप्पा सुताराकडून सांगून करून घेतात. जोडशब्दाच्या सुरुवातीला असा ‘चोर’ आला की तो नुसता ‘लपलेला’ एवढाच अर्थ देतो. पण तोच ‘चोरून’ असा क्रियेला लागला की दोष चिकटतो. ‘ते चोरून भेटले’ म्हटलं की भेटणारे गुन्हेगार झाले.

म्हणून मी मुलांना सांगते, आधी बघा की लेखक कुणाच्या बाजूनं बोलतोय. पोलिसांच्या बाजूनं लिहिलं असेल तर ‘चोरटा’, ‘छुपा’. तटस्थ असेल तर ‘गुप्त’, ‘गुपचूप’. चळवळ्यांच्या बाजूनं असेल तर ‘भूमिगत’.

‘भूमिगत’ म्हणजेच क्लॅन्डेस्टिन का?

चळवळ, छापखाना, रेडिओ यांच्यापुरतं होय. आणि उदाहरणासाठी लांब जायला नको, आमच्या शेजारच्याच रानातलं आहे.

बेळगावहून गोव्याकडे रेल्वेनं जाताना खानापूर तालुक्यात लोंढा जंक्शन लागतं. तिथून पुढं कॅसलरॉक. पोर्तुगीजांच्या काळात हद्दीच्या अलीकडचं, आपल्या बाजूचं ते शेवटचं स्टेशन. १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीसाठी एक गुप्त रेडिओ केंद्र सुरू केलं. आधी आंबोलीच्या बाजूच्या रानातून, मग कॅसलरॉकच्या रानातून. पोर्तुगीज आणि कोकणी भाषांतून ते बोलत. गोव्यात पोर्तुगीज सरकारची सेन्सॉरशिप होती. वर्तमानपत्रात जे छापता येत नव्हतं, ते घरात दार लावून, आवाज बारीक करून लोक ऐकत. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, सहा वर्षं हे चाललं. पुढं त्या दोघांनी लग्न केलं. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठलेली होती.

इंग्रजीत अशा केंद्राला म्हणतात ‘क्लॅन्डेस्टिन रेडिओ’. हा ठरलेला शब्दप्रयोग आहे. आता याचं मराठी ‘चोरटा रेडिओ’ करून बघा. कसं वाटतं? लिस्बनमधल्या सरकारला तो चोरटाच वाटत असणार. आपल्याला तो भूमिगत रेडिओ आहे. इंग्रजी शब्द दोघांनाही चालतो, कारण त्यात फक्त लपणं आहे. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चालवलेला काँग्रेस रेडिओही याच जातीचा. ऑगस्टमध्ये सुरू झाला, नोव्हेंबरात पकडला गेला. तीनच महिने, पण पाठ्यपुस्तकांत त्याची जागा पक्की आहे. आमच्या रानातल्या सहा वर्षांच्या रेडिओचं नाव वर्गात विचारलं तर एकही हात वर होत नाही. असो.

एक सावधगिरी. कन्नडात ‘भूगत लोक’ म्हणजे अंडरवर्ल्ड, गुंडांची दुनिया. ‘भूगत’ आणि ‘भूमिगत’ दिसायला भाऊभाऊ, पण बेळगावच्या कन्नड पेपरात ‘भूगत’ वाचून स्वातंत्र्यसैनिक डोळ्यांपुढं आणू नका. दोन भाषांत राहणाऱ्यांना हे खड्डे सारखे लागतात.

कन्नडात या सगळ्याला काय म्हणतात?

‘गुट्टु’ म्हणजे गुपित, ‘गुट्टागि’ म्हणजे गुपचूप. हे तटस्थ. ‘कद्दु मुच्चि’ दोषाचं. गंमत म्हणजे या एका जोडशब्दात इंग्रजीचे दोन शब्द बसले आहेत: ‘कद्दु’ म्हणजे फर्टिव्ह आणि ‘मुच्चि’ म्हणजे कव्हर्ट, कारण कव्हर्ट हा ‘कव्हर’मधूनच आलेला, म्हणजे झाकलेला. मराठी माध्यमाच्या मुलांना हे कन्नडातून सांगितलं की पटकन कळतं. कन्नड सक्तीची म्हणून नाकं मुरडणारी पोरंसुद्धा त्या दिवशी कान देऊन ऐकतात.

कव्हर्ट आणि क्लॅन्डेस्टिन एकच का? सैन्यात जायचंय, म्हणून विचारतो.

हा प्रश्न कॅम्पाच्या बाजूनं येणारा. तिथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सकाळी पळणारी पोरं बघत मोठी झालेली मुलं वर्गात असतात.

रोजच्या इंग्रजीत दोन्ही शब्द अदलून बदलून वापरतात. लष्करी भाषेत, विशेषतः अमेरिकन लष्कराच्या, फरक आहे. कव्हर्टमध्ये करणारा कोण ते लपवायचं असतं. क्लॅन्डेस्टिनमध्ये ती कारवाई झाली हेच लपवायचं असतं.

सीमाभागातलं उदाहरण देते. रातोरात एका फलकाला काळं फासलं जातं. सकाळी अख्खं गाव बघतं. काय घडलं ते जगजाहीर, कुणी केलं त्याची कानोकान खबर नाही. ते कव्हर्ट. आणि काळं फासायचं की नाही हे ठरवायला आदल्या रात्री कुणाच्या तरी माळ्यावर पाच जण बसले होते, ती बैठक झाली हेच कुणाला माहीत नाही. ती क्लॅन्डेस्टिन. फलक कुठल्या भाषेतला होता ते विचारू नका, दोन्ही भाषांतल्या फलकांनी हे सोसलं आहे.

हा फरक मुलाखतीत विचारला तर सांगा, पण सगळीकडे लावत बसू नका. कॅसलरॉकचा रेडिओ ऐकू येत होता, लपलेली होती ती जागा आणि माणसं. या हिशेबानं तो कव्हर्ट ठरेल. तरी जग त्याला क्लॅन्डेस्टिनच म्हणतं, कारण रेडिओवाल्यांचा शब्द लष्करानं घडवलेला नाही.

गनिमी कावा क्लॅन्डेस्टिन आहे का?

नाही. गनिमी काव्यात लपून राहतात, पण घाव घालतात तो उघड. संगोळ्ळी रायण्णा आमच्या जिल्ह्यातला. कित्तूर संस्थानासाठी इंग्रजांशी असाच लढला. १८३१ मध्ये खानापूर तालुक्यात नंदगडला त्याला फाशी दिलं. त्याच्या लढाईला गुरिला म्हणतात. त्याला आतून धान्य पुरवणारे, निरोप पोचवणारे जे कुणी असतील, त्यांचं काम क्लॅन्डेस्टिन.

फर्टिव्ह, सरप्टिशस, स्टेल्दी: हे कुठं वापरायचे?

हे तिन्ही लहान, क्षणभराच्या, एकट्या माणसाच्या लपवाछपवीला. घरातला प्रसंग घ्या. वडिलांना शुगर आहे. दिवाळीला कुणीतरी कुंदा (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) आणून दिला, आईनं तो फ्रिजमध्ये मागं, कोथिंबिरीच्या डब्याआड ठेवला. दुपारी दोनला सगळे झोपले की बाबा उठतात.

ते पाय न वाजवता स्वयंपाकघरात जातात, ते स्टेल्दी. इथं आवाज न करणं महत्त्वाचं. मांजराची चाल.

फ्रिज उघडण्याआधी ते आईच्या खोलीकडे एक नजर टाकतात, ती फर्टिव्ह. हा शब्द डोळ्यांचा आणि हावभावांचा. मनात अपराध असला की नजर जशी होते तशी. ‘फर्टिव्ह ग्लान्स’ ही जोडी पाठच करा.

चमचाभर कुंदा काढून वरचा थर चमच्यानं पुन्हा सारखा करतात, कुणी काढला हे कळू नये म्हणून. ते सरप्टिशस. उच्चार स-रप-टि-शस, जोर ‘टि’वर. यात हुशारीनं, दुसऱ्याच्या नकळत काम उरकणं आहे.

मग क्लॅन्डेस्टिन कधी? जेव्हा बाबा गल्लीतल्या दुसऱ्या शुगरवाल्या काकांना सामील करून घेतात, सकाळच्या फिरण्याच्या नावाखाली दोघं ठरलेल्या वेळी मिठाईच्या दुकानात भेटतात, आणि महिनाभर दोन्ही घरांत पत्ता लागत नाही. बेत आला, सोबती आला, मनाई तर होतीच. आमच्या घरात हे घडलेलं आहे. रक्ताच्या रिपोर्टनं फोडलं.

चोरून लग्न केलं तर त्याला क्लॅन्डेस्टिन मॅरेज म्हणतात का?

म्हणतात, आणि त्याला इतिहास आहे. इंग्लंडमध्ये एकेकाळी पुरेशी जाहिरात न करता, कुठल्याही भटजीसारख्या पाद्र्याला धरून लग्नं उरकली जायची. आईबापांना नंतर कळायचं, मालमत्तेची भांडणं व्हायची. ते थांबवायला १७५३ मध्ये संसदेनं कायदा केला आणि त्याच्या नावातच ‘क्लॅन्डेस्टिन मॅरेजेस’ हे शब्द घातले. एकवीस वर्षांखालच्यांना आईबापांची संमती लागू लागली. मग जोडप्यांनी काय केलं? हद्द ओलांडली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. सीमेपलीकडचं पहिलं गाव ग्रेटना ग्रीन, तिथं लग्न लावून परत यायचं. ते गाव अशा लग्नांसाठी आजही प्रसिद्ध आहे.

सीमेवर राहणाऱ्यांना यात नवल वाटायला नको. एका बाजूला जे अडतं ते दुसऱ्या बाजूला होऊन जातं, हे आमच्याकडे पेट्रोलपासून सगळ्यालाच लागू आहे.

आपल्याकडे रजिस्टर लग्नाला सरसकट ‘चोरून केलेलं’ म्हणायची खोड आहे, ती मात्र चूक. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावतात आणि तीस दिवस थांबावं लागतं. भिंतीवर महिनाभर लटकलेलं लग्न क्लॅन्डेस्टिन कसं होईल?

कर खात्याच्या नोटिशीत ‘क्लॅन्डेस्टिन रिमूव्हल’ असं लिहिलंय. घाबरायचं काय?

हा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्यांचा प्रश्न. वकील आहेतच, त्यांना फक्त शब्द समजून घ्यायचा होता. वकिलाचं काम मी करत नाही. शब्दाचं सांगते.

अबकारी कराच्या काळापासून हा ठरलेला शब्द आहे. माल तयार झाला, पण वहीत दाखवला नाही, बिल फाडलं नाही, कर भरला नाही आणि फाटकातून बाहेर काढला. ‘रिमूव्हल’ म्हणजे कारखान्यातून माल बाहेर काढणं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, बहुतेक वस्तूंवरचा अबकारी गेला, शब्द टिकून राहिला. मराठीत ‘लपवून माल बाहेर काढणे’ हे सरळ भाषांतर. ‘चोरी’ म्हणू नका, कारण माल त्यांचाच आहे, चुकवलाय म्हणतात तो कर.

नोटिशीतला क्लॅन्डेस्टिन हा आरोप असतो, निकाल नव्हे. लवादांनी वेळोवेळी म्हटलं आहे की नुसत्या संशयावर हा शब्द टिकत नाही. कच्चा माल किती आला, वीज किती जळली, गाड्या किती गेल्या, माल घेतला कुणी, असा पुरावा खात्याला द्यावा लागतो. गुपचूप झालेली गोष्ट कागदावर सिद्ध करायची, हे खात्याचंही दुखणंच आहे म्हणा.

कॉन्फिडेन्शियल म्हणजे काय मग?

गोपनीय. यात लपवण्याचा हक्क असतो. प्रश्नपत्रिका छापखान्यात जाते ती कॉन्फिडेन्शियल. तीच परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरते ते क्लॅन्डेस्टिन. कागद एकच.

चोर्ला घाटाचा चोराशी संबंध आहे का?

दर वर्षी एकतरी मुलगा हे विचारतो. बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या त्या रस्त्यावर गोव्याची दारू पकडल्याच्या बातम्या येतात, म्हणून सगळ्यांना ते पटतंही. पण चोर्ला हे गावाचं नाव आहे. आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही, ‘क्लॅन’ आणि ‘डेस्टिन’चं झालं तसंच. दारू लपवून आणण्याला इंग्रजीत साधा शब्द स्मगलिंग. बातमीला वजन आणायचं असलं की वार्ताहर क्लॅन्डेस्टिन लिहितो.

परीक्षेत काय काय येऊ शकतं?

क्रियाविशेषण क्लॅन्डेस्टिनली: ‘दे मेट क्लॅन्डेस्टिनली.’ विरुद्धार्थी ओपन, ओव्हर्ट, अबव्ह-बोर्ड. समानार्थी म्हणून सीक्रेट, कव्हर्ट, अंडरकव्हर, सरप्टिशस. पर्यायांत सीक्रेटिव्ह दिला असेल तर सापळा समजा.

‘हश-हश’ आणि ‘अंडर द टेबल’ बोलीतले आहेत, निबंधात टाळा. ‘अंडर द टेबल’ तर पैशाशीच जोडलेला, मराठीतल्या ‘टेबलाखालून’सारखाच. कचेऱ्यांतलं टेबल सगळ्या देशांत बहुधा एकाच सुतारानं केलंय.

मराठीत लिहिताना क्लॅन्डेस्टिन तसाच ठेवू का?

नको. इतके शब्द पडले आहेत: गुप्त, छुपा, भूमिगत, लपूनछपून, गुपचूप, पडद्याआडचा. हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून निवडावं लागतं, आणि निवडायचा कंटाळा आला की माणूस इंग्रजी शब्द तसाच टाकतो. ‘पडद्याआडच्या वाटाघाटी’, ‘भूमिगत छापखाना’, ‘छुपा करार’, ‘लपूनछपून भेटी’. प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत क्लॅन्डेस्टिन एकच. मुलांना मी या चार जोड्यांची अदलाबदल करायला लावते. ‘भूमिगत भेटी’ आला की वर्ग हसतो, आणि का हसला ते मग त्यांनाच सांगायला लावते.

टीचर, आमचा मुलगा दहावीत आहे. हल्ली फोन उलटा ठेवतो, पासवर्ड बदललाय, विचारलं तर ‘काय नाही की’ म्हणतो. याला क्लॅन्डेस्टिन म्हणायचं का?

नाही. याला सीक्रेटिव्ह म्हणतात, आणि या वयात तो बहुतेक सगळ्यांना लागू पडतो. तुम्हालाही लागू पडत होता. तेव्हा फोन नव्हता, वहीचं शेवटचं पान होतं.